विनोदाची मुदत

पहिले महायुद्ध अद्याप संपावयाचे असताना, १६ एप्रिल १९१८ रोजी, नगरच्या लष्करी छावणीत तोफखान्याच्या चाकरीत असलेल्या लिओ मिलिगन नामक आयरिश गृहस्थास जो मुलगा झाला आणि ज्याचे नाव टेरेन्स अ‍ॅलन असे ठेवण्यात आले, त्याने पुढे लंडनास जाऊन स्पाइक मिलिगन या नावाने कीर्ती मिळवली आणि विनोदी प्रसंगाला शेवट हा असलाच पाहिजे असा जो अलिखित कायदा नाटककंपन्यांपासून नभोवाणीपर्यंत सर्वत्र बिनतक्रार पाळला जात होता, तोच रद्द करून टाकला, ही गोष्ट आमच्या नगर जिल्ह्यात (सरकारी दप्तरात आता अहिल्यानगर जिल्ह्यात) फारशी कोणाच्या कानावर नाही. त्यात नवल करण्याजोगेही काही नाही. लष्करातल्या माणसाचे बिऱ्हाड बदलीच्या हुकमावर चालते. या मुलाचे बालपण पुण्याच्या कॅम्पात आणि त्यानंतर रंगूनास गेले, आणि १९३१च्या सुमारास, तो बारा-तेरा वर्षांचा असताना, हे कुटुंब कायमचे इंग्लंडास गेले. म्हणजे तो जन्मदाखल्यापुरताच नगरकर. तरीही भुईकोट किल्ल्यावरून भिंगारकडे जाताना छावणीतले ते सरळ, सावलीचे रस्ते लागले की मला चांदबिबी किंवा निजामशाही आठवण्याआधी हा माणूस आठवतो, याला माझा नाइलाज आहे.

लोकप्रिय विनोदी मालिका संपतात कशा, आणि वर्षे लोटल्यावर त्या पुन्हा पाहावयास बसले असता त्यांची कोणती पर्वे टिकलेली दिसतात, हा या लेखाचा विषय. विषय वरवर पाहता करमणुकीचा आहे, आणि करमणुकीच्या विषयावर एवढी पाने खर्ची घालावीत काय, अशी शंका एखाद्या गंभीर वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या घरांतून गेली चाळीस वर्षे रात्रीच्या जेवणाची वेळ मालिकेच्या वेळेवरून ठरत आली, त्या घरांतील माणसांच्या मनात या मालिकांनी काय ठेवले आणि काय पुसले, याची चौकशी करणे अगदीच निरर्थक नसावे. म्हणून सावेडीतील बंगल्यांपासून माळीवाड्यातील दुकानांपर्यंत, जिथे बसावयास खुर्ची मिळाली तिथे बसून, मी ही चौकशी केली. तिच्या निष्कर्षाकडे येण्यापूर्वी मिलिगनची कैफियत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण विनोदी मालिकेच्या जन्ममरणाचे जवळजवळ सगळे प्रकार या एका माणसाच्या आयुष्यात घडून गेलेले आहेत.

बी.बी.सी.च्या नभोवाणीवर २८ मे १९५१ रोजी मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सिकोम आणि मायकेल बेंटाइन या चौघांचा एक कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे तो 'द गून शो' या नावाने गाजला. पहिली दोन पर्वे झाल्यावर बेंटाइन बाजूस झाला आणि उरलेल्या तिघांनी १९६०पर्यंत, दहा पर्वे मिळून, दोनशेहून अधिक भाग केले. या कार्यक्रमाची बहुतेक संहिता एकट्या मिलिगनच्या लेखणीतून उतरत असे. वर्षातील सहा-सहा महिने, दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग, तोही असा की ज्यात दारावरची थाप, तोफेचा आवाज, कोंबडीचे ओरडणे आणि मध्येच दरीत कोसळणारा पियानो या सर्वांचा हिशोब लेखकानेच आधी कागदावर मांडून द्यावयाचा: ही मेहनत माणसाला न सोसणारी होती, आणि ती त्याला सोसली नाही. १९५२च्या अखेरीस त्याची मानसिक प्रकृती पार ढासळली, त्याला रुग्णालयात ठेवावे लागले, आणि काही आठवडे कार्यक्रम त्याच्यावाचून चालवावा लागला. त्यानंतर तो परत आला आणि पुन्हा लिहू लागला; परंतु हा आजार त्याच्या आयुष्यातून पुढे कधीच पूर्णपणे गेला नाही.

आता यातील कोणती वर्षे टिकली? अगदी सुरुवातीच्या वर्षांचे ध्वनिमुद्रण जवळजवळ उपलब्धच नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी मत देण्याचा प्रश्न उरत नाही. परंतु जे उपलब्ध आहे ते ओळीने ऐकले असता १९५४ ते १९५७ या काळातील पाचवे, सहावे आणि सातवे ही पर्वे इतरांहून वरची आहेत, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही, आणि माझाही नाही. बेक्सहिल या समुद्रकाठच्या गावात रात्री लोकांवर पुडिंग फेकून मारणाऱ्या अज्ञात इसमाचा भाग (१९५४) किंवा नेपोलियनचा पियानो पॅरिसहून चोरून आणण्याचा भाग (१९५५) आज ऐकला तरी त्यातील वेडेपणाची शिस्त विलक्षण वाटते. शिस्त हा शब्द मी जाणून वापरतो आहे. पहिल्या वर्षांत तुटक प्रसंगांची नुसती उधळण होती. या वर्षांत एका भागाला एकच गोष्ट, ठरलेली पात्रे, प्रत्येकाचा ठरलेला आवाज आणि ठरलेला दोष, असा पाया पक्का झाला होता. त्यातच लालकाका आणि बॅनर्जी ही दोन हिंदुस्थानी पात्रे मिलिगन आणि सेलर्स अधूनमधून आणीत, आणि त्यांच्या तोंडी मिलिगनला लहानपणी पुण्यात येत असलेली हिंदुस्थानी भाषा ऐकू येई. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या चांगल्या वर्षांत लेखणी सर्वस्वी एकट्याची नव्हती. कधी एरिक साइक्स तर कधी लॅरी स्टीफन्स याचा हात तिला लागत होता. स्टीफन्स १९५९च्या जानेवारीत वारला. दहाव्या पर्वाचे अवघे सहा भाग झाले आणि २८ जानेवारी १९६० रोजी कार्यक्रमाची अखेर झाली.

त्या अखेरच्या भागात निरोपाचा सोहळा नाही की डोळ्यांत पाणी आणण्याची योजना नाही. तो इतर भागांसारखाच, किंबहुना इतरांहून थोडा थकलेला, असा एक भाग आहे. बारा वर्षांनी, बी.बी.सी.च्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, ही मंडळी पुन्हा एकत्र आली आणि 'लास्ट गून शो ऑफ ऑल' या नावाचा एक प्रयोग १९७२च्या एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित झाला, ज्यास राजघराण्यातील माणसे प्रेक्षकांत येऊन बसली होती. टाळ्या उदंड पडल्या. परंतु जुने नोकर निवृत्तिवेतनाच्या दिवशी कचेरीत भेटावेत तसा काहीसा भाव त्या साऱ्या प्रयोगावर आहे, आणि संग्रहात ठेवण्यापलीकडे त्याची फार मातबरी मला वाटत नाही.

शेवट रद्द करण्याची जी गोष्ट मी आरंभी सांगितली ती पुढची, दूरचित्रवाणीवरची. १९६९च्या मार्चमध्ये बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर मिलिगनने 'क्यू फाइव्ह' ही मालिका सुरू केली. विनोदी प्रसंगाची जी परंपरागत बांधणी, म्हणजे प्रसंग उभा करावयाचा, तो वाढवीत न्यावयाचा आणि अखेरीस एका टाळीच्या वाक्यावर पडदा पाडावयाचा, तिचा त्याला वीट आला होता. कारण ते टाळीचे वाक्य पुष्कळदा मागच्या साऱ्या गमतीपेक्षा कमअस्सल असते आणि केवळ ते गाठावयाचे म्हणून लेखक चांगल्या प्रसंगाची माती करतो. मिलिगनने यावर काढलेला तोडगा असा की प्रसंग चांगला रंगात असतानाच नटांनी जागच्या जागी थबकावे, आणि "आता आपण काय करावयाचे?" असे एकसुरात म्हणत एकेक पाऊल टाकीत सरळ कॅमेऱ्याकडे चालत यावे. बस्स, प्रसंग खतम. त्यांच्या अंगावरील कपड्यांना कपडेपटाच्या चिठ्ठ्या लोंबत असत, त्या काढण्याची तसदीही कोणी घेत नसे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ज्यांचा 'फ्लाइंग सर्कस' सुरू झाला ती मॉन्टी पायथन मंडळी हे पाहून थक्क झाली, कारण जे करावे असे त्यांच्या मनात घोळत होते ते या वडीलधाऱ्या गृहस्थाने आधीच करून टाकले होते. त्यांनी 'क्यू फाइव्ह'चा दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यालाच आपल्याकडे घेतले. 'क्यू' मालिकेची पुढील पर्वे १९७५ ते १९८० या काळात झाली, आणि ती पहिल्याच्या तुलनेने शिथिल आहेत. परंतु जे पहिले आणि उत्तम, त्याचे काही भाग बी.बी.सी.ने चित्रफिती पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले. फीत महाग होती आणि विनोद स्वस्त होता.

रूढ अर्थाने ज्याला कौटुंबिक किंवा प्रासंगिक विनोदी मालिका म्हणतात त्या प्रकाराशी मिलिगनचा संबंध दोनदा आला, आणि दोन्ही वेळा त्याचा निकाल विचित्र लागला. १९६९ सालीच 'करी अँड चिप्स' या मालिकेत त्याने चेहऱ्याला रंग फासून पाकिस्तानी-आयरिश कामगाराची भूमिका केली. वर्णद्वेषाची टवाळी करण्याच्या भरात ती मालिका वर्णद्वेषी शब्दांचीच खैरात करते, अशा तक्रारी झाल्या, आणि सहा भागांनंतर ती बंद पडली. १९७५ साली 'द मेल्टिंग पॉट' या त्याच्या मालिकेचा एक नमुना-भाग दाखवला गेला. पुढे सहा भागांचे संपूर्ण पर्व चित्रित होऊन तयार झाले आणि बी.बी.सी.ने ते दाखवलेच नाही. त्यातही तो बेकायदा स्थलांतरित आशियाई झाला होता. इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ज्याने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यात लढून इटलीत जखमा घेतल्या, त्या मिलिगनला पुढे नागरिकत्वाचे कायदे बदलल्यावर, बाप आयरिश आणि जन्म हिंदुस्थानातला, या कारणास्तव ब्रिटिश पासपोर्टासाठी नव्याने राजनिष्ठेची शपथ घेण्यास सांगण्यात आले. त्याने ती नाकारली आणि तो आयरिश नागरिक झाला. नगरच्या छावणीतील त्या जन्माची एवढी एकच ठळक नोंद त्याच्या कागदपत्रांत उरली, आणि तीही नडण्यापुरती. या पार्श्वभूमीवर त्याने स्थलांतरिताचे सोंग दोनदा का घेतले असावे हे समजते. ते सोंग चांगले वठले, असे मात्र त्यामुळे म्हणता येत नाही. मालिका तक्रारीने बंद झाली काय किंवा दाखवण्याआधीच कपाटात गेली काय, तिचे आज बचाव करण्यासारखे फारसे काही नाही.

मिलिगनच्या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येते, आणि इतर देशांतील नामांकित मालिकांवरून ती पडताळून पाहता येते. विनोदी मालिकेचा शेवट गाजतो तो केव्हा? तर ती मालिका पहिल्यापासूनच एखाद्या संपणाऱ्या गोष्टीविषयी असेल तेव्हा. अमेरिकेतील 'मॅश' ही मालिका कोरियातील युद्धाविषयी होती. ते युद्ध तीन वर्षे चालले आणि मालिका अकरा वर्षे. तरीही २८ फेब्रुवारी १९८३ रोजी तिचा अडीच तासांचा अखेरचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, कारण युद्ध संपणार आणि माणसे घरी जाणार हे आरंभापासून गृहीत होते. इंग्लंडातील 'ब्लॅकअ‍ॅडर'चे चौथे पर्व पहिल्या महायुद्धाच्या खंदकात घडते, आणि १९८९च्या नोव्हेंबरात दाखवलेल्या अखेरच्या भागात ती सारी हास्यास्पद माणसे खंदकातून वर चढून गोळ्यांच्या तोंडी जातात. त्याहून उचित शेवट विनोदी मालिकेला क्वचितच मिळाला असेल. याउलट चार मित्रांच्या गप्पांवर नऊ पर्वे चाललेल्या 'साइनफेल्ड'ला १९९८ साली शेवट हवा म्हणून चौघांनाही कोर्टात उभे करून तुरुंगात घालण्यात आले, आणि त्यावरून प्रेक्षकांची जी नाराजी झाली ती आजतागायत पूर्णपणे विरलेली नाही. गप्पांना शेवट नसतो. त्यांना तो कोर्टाच्या हुकमाने देता येत नाही.

एका हॉटेलात घडणाऱ्या 'फॉल्टी टॉवर्स' या इंग्रजी मालिकेचे प्रकरण याहूनही बोलके आहे. १९७५ साली सहा भाग आणि १९७९ साली सहा भाग, एकूण बारा. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ हे दोघे एकेका भागाच्या संहितेवर कित्येक आठवडे बसत. दोन पर्वांच्या दरम्यान त्यांचा घटस्फोट झाला, पण संहिता लिहिणे थांबले नाही. त्यानंतर ती मालिका संपली असे कोणी जाहीर केले नाही, तिचा समारोप झाला नाही. हॉटेल तसेच चालू आहे आणि त्याचा मालक तसाच वैतागलेला आहे, एवढ्यावर सगळे थांबले. तिच्यात टिकलेले पर्व कोणते हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मराठीत हे सारे सुरू करण्याचा मान मुंबई दूरदर्शनच्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ' या मालिकेचा आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि चिं. वि. जोश्यांची ती पात्रे, जी १९४० साली मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपाने पडद्यावर येऊन गेली होती, ती आता बैठकीच्या खोलीत आली. त्या काळी मुंबई-पुण्याच्या बाहेर दूरचित्रवाणी हे अप्रूप होते. माळीवाड्यातील एका वृद्ध दुरुस्तीकारांनी (आपले नाव छापू नये अशी त्यांची अट आहे) मला सांगितले, की पुण्याचे प्रक्षेपण धरण्यासाठी हौशी माणसे गच्चीवर उंच नळ्यांचे खांब उभारीत, त्यावर अँटेना आणि खाली बूस्टर बसवीत, आणि एवढे करूनही पडद्यावर मुंग्या आल्या की मुलाला वर पाठवून ती अँटेना फिरवावी लागे. "चिमणराव दिसायचे कमी आणि ऐकू यायचे जास्त," असे ते म्हणाले. दुकानाच्या मागील फळीवर त्यांनी दोन जुने लाकडी कपाटाचे संच अजून ठेवले आहेत. एकाचे शटर ओढून त्यांनी मला दाखवले, आत चित्रनळी नव्हती, तिच्या जागी स्क्रू आणि सोल्डरच्या तारेची रिळे भरलेली होती. १९८४च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरले तेव्हा तालुक्या-तालुक्यांत संच आले, आणि त्या वेळच्या प्रेक्षकाला चिमणरावाऐवजी 'हम लोग' आणि 'ये जो है जिंदगी' मिळाले. एक पिढी अशी आहे की जिने चिमणराव पाहिलेला नाही, पण पाहिल्याप्रमाणे ती त्याविषयी बोलते.

आणि ती आता पाहू म्हटले तरी पाहू शकत नाही. त्या मालिकेच्या चित्रफितींपैकी पुष्कळशा शिल्लक नाहीत. दूरदर्शनातही फिती पुन्हा वापरण्याचा रिवाज होता. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे अध्यापक तर होतेच, पण बडोदे संस्थानच्या दप्तरखान्याची व्यवस्थाही त्यांनी पाहिली होती. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे रुमाल ज्याने जपले त्याच्याच मानसपुत्राचे दप्तर पन्नास वर्षेही जपले जाऊ नये, हे वाचून त्यांनी बहुधा चिमणरावाकडूनच त्यावर एक लेख लिहवून घेतला असता. म्हणून चिमणरावाचे कोणते भाग टिकले, याचे उत्तर कलेच्या निकषावर देता येत नाही. जे पुसले गेले नाहीत ते टिकले. बाळ कर्व्यांनी रंगभूमीवर आणि चित्रपटांत कितीतरी कामे केली. तरी २०२५ साली ते गेले तेव्हा लोकांनी त्यांना गुंड्याभाऊ म्हणूनच निरोप दिला, आणि निरोप देणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती मालिका कधीच पाहिलेली नव्हती.

(जाता जाता एक नोंद. दूरचित्रवाणीशी नगरचे नाते केवळ प्रेक्षकाचे नाही. नेहरूंनी १९४२ ते १९४५ या काळात आमच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असताना जे पुस्तक लिहिले त्यावरून श्याम बेनेगलांनी 'भारत एक खोज' ही मालिका केली, आणि तीत महात्मा फुल्यांची भूमिका नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांनी केली. विनोदाशी याचा संबंध नाही. पण नगरच्या माणसाने दूरचित्रवाणीवर लिहावे आणि हे सांगू नये, हे बरे दिसले नसते.)

चौकशीचा खरा भाग 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेसंबंधी आहे. प्रभावळकरांनी 'लोकसत्ता'त टिपरे कुटुंबाच्या रोजनिशीच्या रूपाने जे सदर चालविले, त्यावरून ही मालिका २००१ साली त्या वेळच्या अल्फा मराठी वाहिनीवर आली. दिग्दर्शन केदार शिंद्यांचे. आबा स्वतः प्रभावळकर, मुलगा शेखर राजन भिसे, सून श्यामल शुभांगी गोखले, नातवंडे शिऱ्या आणि शलाका ही विकास कदम व रेश्मा नाईक यांनी उभी केली. ती साप्ताहिक होती, ही गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करतो. सुमारे तीन वर्षे चालली आणि लोकांना अजून हवी असताना थांबली.

सावेडीत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी रविवारी दुपारी जी चार माणसे जमतात, ती गेली काही वर्षे टिपऱ्यांचे भाग ओटीटीवरून क्रमाने लावतात. मी गेलो त्या दिवशी गृहिणींनी चहाबरोबर शेव आणून ठेवली आणि भाग चालू असताना बोलावयाचे नाही असा दंडक घालून दिला, जो त्यांनी स्वतःच सर्वांत आधी मोडला. भाग संपल्यावर मी सर्वांना एकच प्रश्न केला: ही मालिका संपली कशी? शिक्षक म्हणाले, बहुतेक लग्नावर. त्यांचे शेजारी म्हणाले, छे, ते दुसऱ्या मालिकेत. सुनेला, जी ही मालिका सुरू झाली तेव्हा शाळेत होती, काहीच आठवेना. नेमके कोणालाच सांगता आले नाही. परंतु आबा खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात कसा ठेवतात हे गृहिणींनी उठून करून दाखवले, शिऱ्याचा उच्चार शेजाऱ्यांनी केला, आणि श्यामल नवऱ्यावर चिडते तेव्हा प्रथम भांडी का आवरू लागते, यावर सासू-सुनेत एक लहानसा पण खरा वाद झाला. "आमच्याकडे पण हेच आहे," असे सून म्हणाली, आणि सासूबाईंनी तिच्याकडे जे पाहिले ते मालिकेत असते तर त्यावर हशा पिकला असता. पुढे मी हाच प्रश्न माळीवाड्यात, कापड बाजारात आणि भिंगारमध्ये केला. उत्तराचा प्रकार सर्वत्र तोच. माणसे पक्की आठवतात, शेवट आठवत नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की घरगुती विनोदी मालिका संपत नाही, ती थांबते. युद्ध संपते, खटल्याचा निकाल लागतो, प्रेमाचे लग्न होते. पण सासऱ्याने चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि नातवाने अभ्यासाच्या नावाखाली दुसरेच काही करणे, यांना अंतिम भाग कोठून असणार? तेव्हा शेवट चांगला की वाईट, हा प्रश्न अशा मालिकेला लावणे बरोबर नाही. विचारावयाचे ते हे, की ती कोणी थांबवली आणि कोणत्या वेळी. लेखकाने थांबवली की तक्रारीने, फितीच्या टंचाईने की प्रेक्षकांच्या जांभईने, यावर तिचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

आणि टिकणाऱ्या वर्षांविषयी विचाराल, तर टिपऱ्यांचीही गोष्ट गून शोहून निराळी नाही. अगदी आरंभीच्या भागांत पात्रे आपली ओळख करून देण्यात गुंतलेली आहेत. प्रत्येकाला आपला विशेष दाखवण्याची घाई आहे. मधल्या भागांत ती घाई जाते. शेखर कचेरीतून येऊन नुसता सोफ्यावर बसतो आणि श्यामल स्वयंपाकघरातून त्याच्याकडे नुसती पाहते, एवढ्यावर पुढचे पाच मिनिटांचे संभाषण काय होणार हे प्रेक्षकाला उमजते आणि तरीही ते ऐकावेसे वाटते, तो काळ कोणत्याही विनोदी मालिकेचा यौवनकाळ समजावा. हे शक्य झाले ते लेखकाला दोन भागांच्या दरम्यान आठवडा मिळत होता म्हणून, आणि त्याआधी ही माणसे सदरातून त्याच्या हाताखाली कितीतरी दिवस वावरलेली होती म्हणून.

दैनंदिन मालिकेत ही सवड राहत नाही. ९ मार्च २०१५ रोजी झी मराठीवर सुरू झालेली 'दिल दोस्ती दुनियादारी' ही मुंबईत 'माजघर' नावाच्या घरात एकत्र राहणाऱ्या सहा तरुण-तरुणींची मालिका रोजची होती. अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे आणि पुष्कराज चिरपुटकर यांनी तीत जी मोकळीक आणली ती मराठी दूरचित्रवाणीवर त्यापूर्वी नव्हती. (सखी ही शुभांगी गोखल्यांची मुलगी, टिपऱ्यांच्या श्यामलवहिनींपासून माजघरातल्या रेश्मापर्यंत विनोदाचे हे घराणे सरळ वारशाने आले.) एक वर्ष पुरे होण्याआधी, २०१६च्या फेब्रुवारीत, वाहिनीने ती आवरती घेतली. तेव्हा हळहळ फार झाली. मला मात्र तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. तिचे पहिले पाच-सहा महिने आजही ताजे आहेत. त्यानंतर घरात कोण येणार, कोण जाणार, कोणाचे कोणावर प्रेम, या रोजच्या मालिकांच्या रूढ मार्गावर तिची पावले वळू लागली होती. आग्रहाखातर २०१७ साली त्याच नटांना नवी नावे, नवी नाती आणि चालवावयास 'खयाली पुलाव' नावाचे एक उपाहारगृह देऊन 'दिल दोस्ती दोबारा' करण्यात आली. काही महिन्यांत तीही थांबली. नट तेच, उत्साह तोच, पण प्रेक्षक त्यांच्याकडे माजघराच्याच नजरेने पाहत राहिला. ती नवी माणसे आहेत हे त्याने मान्यच केले नाही.

आणि अखेरीस, न थांबणाऱ्याचे उदाहरण. तारक मेहता या गुजराती विनोदकारांचे सदर 'चित्रलेखा' साप्ताहिकात १९७१पासून चालत होते. त्यावरून २८ जुलै २००८ रोजी 'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही हिंदी मालिका सुरू झाली. म्हणजे उगम टिपऱ्यांसारखाच, छापील सदराचा. नगरच्या कोणत्याही उपाहारगृहात संध्याकाळी भिंतीवरचा संच चालू असेल, तर ती दिसण्याचा संभव आजही मोठा. चार हजारांहून अधिक भाग झाले. मूळ लेखक २०१७ साली वारले. नायक जेठालाल याची पत्नी दया हिचे काम करणाऱ्या अभिनेत्री त्याच वर्षी रजेवर गेल्या त्या परतल्या नाहीत, आणि मालिकेतील दया तेव्हापासून अहमदाबादेस माहेरी आहे. त्यांच्या मुलाचे काम करणारा नट दोनदा बदलला. भिंगारच्या एका चहाच्या दुकानात ही मालिका चालू असताना मी मालकांना विचारले, की यातले चांगले कोणते, पूर्वीचे की आताचे? त्यांनी पडद्याकडे न पाहता उत्तर दिले, की पहिली चार-पाच वर्षे चांगली होती, पोपटलाल हे पात्र नवे होते तेव्हाची. मग आता का लावता? तर म्हणाले, गिऱ्हाईक बसते. हे उत्तर व्यापारदृष्ट्या अचूक आहे, आणि वाहिनीच्या कचेरीतही बहुधा हेच दिले जात असावे. तिथे बसलेल्या दोन कॉलेजातल्या मुलांनी तेवढ्यात आपल्या मोबाइलवर त्याच मालिकेचा २००९ सालचा एक भाग लावला आणि ते भिंतीवरच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून तो पाहू लागले.